जुना डिजिटल कॅमेरा प्रवासाची डायरी म्हणून वापरायचाय, कसं करू?

मैत्रेयी_पंचवटी

नमस्कार मंडळी. घरात बाबांचा कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस आहे, २००७ सालचं मॉडेल. ७ मेगापिक्सेल, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि डोळा लावून बघायची ती छोटी खिडकीपण आहे. सेल टाकले की लेन्स बाहेर येते, फोटो निघतो, सगळं नीट आहे. फक्त सेल काढून परत घातले की दरवेळी तारीख विचारतो आणि स्क्रीनवर बारीक चरे पडलेत.

मला हा येत्या हिवाळ्यात डायरीसारखा वापरायचाय. प्लॅन असा आहे की आजीला घेऊन एसटीने आपल्याच नाशिक जिल्ह्यात फिरायचं, सकाळी निघून संध्याकाळी घरी. त्र्यंबक, वणीचा गड, सिन्नरचं गोंदेश्वर, नांदूरमध्यमेश्वर, जमलं तर चांदवड. आजीचं माहेर निफाडकडचं, यातल्या बऱ्याच जागा तिला लहानपणापासून माहितीयेत आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल तिच्याकडे सांगायला काही ना काही असतंच. मला ते सगळं राहायला हवंय, नुसते छान फोटो नकोत.

फोन का नको, तर फोन हातात घेतला की मेसेज दिसतात, मग मी उत्तरं देत बसते आणि आजी खिडकीबाहेर बघत बसते. आणि फोनमधले फोटो कुठल्या कुठे जातात, गुड मॉर्निंगची फुलं, बिलांचे स्क्रीनशॉट, ऑफिसच्या फाईली आणि त्याच ढिगात आपला प्रवास, परत कोणी उघडत नाही. वही लिहायचा विचार केला होता पण हलत्या गाडीत लिहिता येत नाही आणि घरी येऊन लिहायचं म्हटलं तर रात्री स्वयंपाक आवरून बसेपर्यंत निम्मं आठवत नाही.

तर असा जुना कॅमेरा कोणी डायरी म्हणून वापरलाय का? कशाकशाचे फोटो काढायचे म्हणजे नंतर बघताना अख्खा दिवस सलग आठवेल? सेल कुठले, कार्ड कुठलं, काळजी काय घ्यायची? नवीन घ्या असा सल्ला नको प्लीज, हाच वापरायचाय.

दुर्गभटक्या

मस्त कॅमेरा आहे. पेन्सिल सेलवाला आहे ही तर सगळ्यात जमेची बाजू, कारण त्या काळातले जे चपटे खिशात मावणारे कॅमेरे होते त्यांच्या खास बॅटऱ्या आता फुगल्यात, ओरिजिनल मिळत नाहीत आणि डुप्लिकेटचा भरवसा नसतो. पेन्सिल सेल मात्र वणीच्या गडाखालच्या नांदुरीच्या किराणा दुकानातपण मिळतात.

पण कुठलेही टाकू नको. घड्याळात, रिमोटमध्ये घालतो ते साधे स्वस्तातले सेल इथे चालत नाहीत. लेन्स बाहेर ढकलायला आणि फ्लॅश भरायला एकदम जास्त करंट लागतो, तो त्यांना देता येत नाही, थोड्याच फोटोंत कॅमेरा बॅटरी बदला म्हणायला लागतो आणि आपल्याला वाटतं कॅमेरा बिघडला. अल्कलाइन चालतात, अडीअडचणीला तेच घ्यायचे. रोजच्या वापराला मात्र रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड, त्यातही नुसते पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे येतात ते घे. एनेलूप २००५ साली आले ते ह्याच प्रकारातले, आता इतर कंपन्यांचेही मिळतात. सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून घाबरू नको, कॅमेरा त्यासाठीच बनवलाय. चार घ्यायचे, दोन आत दोन पर्समध्ये, आणि पर्समधले डबीत ठेवायचे कारण सुट्टे सेल किल्ल्यांना, नाण्यांना चिकटून शॉर्ट होतात.

सेलचा कप्पा उघडून आतल्या पट्ट्या आणि स्प्रिंगा बघ. पांढरट-हिरवट थर असेल तर जुना अल्कलाइन सेल गळलाय. कान साफ करायच्या काडीला थोडंसं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून हळूच पुसायचं, मग कोरड्या काडीने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालायचे नाहीत. प्रवास संपला की सेल काढूनच ठेवायचे.

तारीख विचारतोय म्हणजे आतला बटण सेल संपलाय. या ए सिरीजमध्ये बहुतेक सीआर१२२० असतो, पेन्सिल सेलच्या कप्प्याजवळच छोटा ट्रे असतो त्यात. जुना काढून त्यावरचा नंबर वाचायचा आणि तोच घड्याळवाल्याकडे मागायचा, स्वस्तात येतो. हे काम सगळ्यात आधी कर, डायरी करायची तर तारीख-वेळ बरोबर हवीच.

कार्डाचं सांगतो. ह्या कॅमेऱ्याला एसडी आणि एसडीएचसी चालतं, म्हणजे ३२ जीबीपर्यंत. त्याच्या वरची एसडीएक्ससी कार्डं २००९ नंतरची, ह्याच्या जन्मानंतरची, ती घेऊ नको. खरं तर घरात जुनं २ जीबीचं असेल तर तेही पुष्कळ आहे, ७ मेगापिक्सेलचा चांगल्या क्वालिटीचा फोटो ३ एमबीच्या आसपास बसतो म्हणजे सहाशेवर फोटो झाले, आजीबरोबर एका दिवसात तेवढे काढणार नाहीस.

आणि मनगटाची दोरी लाव, नाडी असली तरी चालेल. मी हा प्रकार हरिहर किल्ल्यावर घेऊन जातो, तिथल्या कातळातल्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत लागतात, मोबाईल काढायची हिंमत होत नाही पण हा दोरीने मनगटाला लटकत असतो. गडावर आजीचा हात धरायला तुझा एक हात मोकळा लागेलच.

गोदाकाठचा

दुर्गभटक्यांनी वस्तूचं सांगितलं, मी कशाचे फोटो काढायचे ते सांगतो कारण मला त्यात जास्त रस आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला मोठा पूर आला तेव्हा माझ्याकडे असाच एक जुना निकॉन कूलपिक्स होता. पाऊस थांबत नव्हता, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, आणि आपल्या नाशिककरांना पूर मोजायची एकच पट्टी माहीत, गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. मी सकाळपासून उंचावरच्या एकाच जागेवरून मारुतीचे फोटो काढत राहिलो, मध्ये चहा प्यायला जायचो, परत येऊन त्याच जागेवर उभा राहायचो. पहिल्या फोटोत पाणी पायाशी, मग गुडघ्याला, मग कमरेच्या वर, मग आम्हाला पोलिसांनी मागे हटवलं म्हणून पुढचे फोटो लांबून. त्यांच्या मधे भांडी बाजारातले दुकानदार पातेली, कळशा माळ्यावर चढवतायत, एक माणूस पाण्यात उभा राहून शटरला कुलूप लावतोय, चहावाल्याने स्टोव्ह उचलून पायऱ्यांवर मांडलाय, असे येता-जाता काढलेले. त्यातला एकही फोटो फ्रेम करून लावण्यासारखा नाही, पावसाने सगळे करडे आलेत. पण फाईलवर वेळ आहे ना, त्यामुळे ओळीने लावले की पाणी किती वाजता कुठे होतं आणि त्याच वेळी माणसं काय करत होती हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. फोनवर त्या दिवशी मला इतके व्हिडिओ आले, त्यातला एकही आज सापडत नाही, आणि सापडला तरी तो किती वाजताचा, कोणाच्या गच्चीवरून काढलेला, काही कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या कॅमेऱ्याने डायरी होते ती क्रमाने आणि वेळेने, एकेका फोटोच्या देखणेपणाने नाही. तू काढायला सुरुवात करशील देवळाच्या दारात, तिथे सगळेच काढतात. त्याच्या आधीचं काढ. जुन्या सीबीएस बस स्टँडवर त्र्यंबकच्या गाडीची पाटी काढ. ह्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, जागा त्याला कळत नाही, पण गाडीची पाटी, थांब्यावरचं नाव, मैलाचा दगड, दुकानाच्या बोर्डवर खाली लिहिलेलं गावाचं नाव, हे काढत गेलीस की त्यानंतरचे सगळे फोटो त्या गावचे हे आपोआप कळतं.

तिकिटाचा फोटो तर काढच. एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं, काही महिन्यांत त्यावरची अक्षरं उडून जातात आणि वहीत चिकटवलेला नुसता पांढरा कागद राहतो. फोटोत मात्र कुठून कुठे, किती वाजता, सगळं राहतं. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील तर त्यांचं तिकीट शून्य रुपयांचं येतं आणि तुझं महिला म्हणून अर्धं, दोन्ही शेजारी धरून एक फोटो काढ, पुढे वीस वर्षांनी बघणाऱ्याला ह्या काळातला एसटीचा प्रवास कसा होता ते त्यावरून कळेल. तिकीट काढताना मात्र खिडकीतून नाही, मागच्या स्क्रीनवर बघून काढायचं. ती खिडकी लेन्सच्या जरा बाजूला असते, जवळच्या वस्तूला ती एक दाखवते आणि लेन्स दुसरंच टिपते. लांबच्या गोष्टींना खिडकी चालते, आणि स्क्रीन बंद ठेवली की सेल कितीतरी जास्त टिकतात.

त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात फोटो काढू देत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आत जायच्या आधी चपला काढतानाचा एक आणि बाहेर आल्यावर पहिला एक, एवढे दोन काढ. दोन फोटोंच्या वेळेतलं अंतर म्हणजे रांग आणि दर्शन. माझ्या श्रावणातल्या एका फोटोजोडीत मधे चार तासांचं अंतर आहे, ते बघितलं की रांगेतला सगळा उकाडा, शेजारच्या कुटुंबाने दिलेल्या राजगिऱ्याच्या वड्या, सगळं परत येतं.

तीन गोष्टी पाळ. एक, फोटो जागेवर डिलीट करू नको, हललेला असला तरी त्याची वेळ खरी असते. दोन, मेन्यूत फाईल नंबरिंग म्हणून असतं, ते कंटिन्यूअस ठेव, ऑटो रिसेट ठेवलंस तर कार्ड रिकामं केलं की नंबर परत एकपासून सुरू होतात आणि लॅपटॉपवर एकाच नावाचे दोन फोटो एकमेकांवर बसतात. तीन, निघताना फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढ. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असलं तर किती ते त्यावरून समजतं आणि नंतर एक्झिफटूल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.

कॉलेजरोडचा_टेकू

मला फोनची बाजू मांडायचीये, रागावू नका. जागा आपोआप नोंदली जाते, रात्री ढगावर (क्लाउडवर) कॉपी होते, अंधारात फोन शंभर पट चांगला. ह्या जुन्या कॅमेऱ्यांच्या सीसीडी सेन्सरच्या रंगांचं सध्या जे कौतुक चाललंय त्यावर भाळून कोणी पैसे घालवू नये असं मला मनापासून वाटतं, सेन्सर नखाएवढा, उन्हात बरे रंग येतात पण दिवेलागण झाली की फोटोत दाणे दाणे दिसतात. मैत्रेयीकडे घरचाच आहे, तिचा प्रश्न वेगळा, मान्य.

मधला मार्ग सांगू का? फोन विमान मोडवर टाकून पर्समध्ये ठेवायचा आणि प्रत्येक गावी पोहोचल्यावर फोनने फक्त एक फोटो काढायचा. विमान मोडमध्येही जीपीएस बहुतेक फोनवर चालतं, जागा नोंदली जाते. बाकी सगळे कॅमेऱ्याने. वेळ जुळवली की कॅमेऱ्याच्या फोटोंना जागा मिळाली.

मैत्रेयी_पंचवटी

बाप रे, किती छान उत्तरं. @गोदाकाठचा, दोन फोटोंमधलं अंतर हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. @टेकू, रागावण्यासारखं काही नाही, एका फोटोचा उपाय आवडला, करून बघते. आजी पंचाहत्तरीच्या पुढची आहे आणि शून्य रुपयांचं तिकीट ती पाकिटात जपून ठेवते, त्याची अक्षरं जातात हे तिला सांगितलं तर लगेच फोटो काढ म्हणाली.

एकच राहिलं. आजी जे सांगते त्याचं काय करू? फोटोत ते येणार नाही आणि व्हिडिओ लावला की ती कॅमेऱ्याकडे बघून एकदम शाळेत बोलावं तसं बोलायला लागते.

शुभाताई_गंगापूररोड

मैत्रेयी, तुझ्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत साउंड मेमो आहे का बघ. फोटो बघायच्या मोडमध्ये जाऊन शोधायचं, फोटो काढायच्या मोडमध्ये नाही दिसत. कॅननच्या त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे आणि फार कमी लोकांनी वापरलंय. काढून झालेल्या फोटोला एक मिनिटापर्यंतचा आवाज जोडता येतो. व्हिडिओसारखं कॅमेरा तोंडासमोर धरावा लागत नाही, कॅमेरा मांडीवर ठेवायचा, स्क्रीनवर फोटो आजीला दाखवायचा आणि बटण दाबायचं. त्या फोटोकडे बघून बोलतात, कॅमेऱ्याकडे बघून नाही, हा फार मोठा फरक आहे. माझ्या सासूबाईंचा आवाज मी असाच ठेवलाय. व्हिडिओत त्या फक्त "बरं आहे, सगळं छान आहे" म्हणायच्या, आणि फोटो दाखवल्यावर मात्र काळारामाच्या पूर्व दरवाज्याशी कोणाचं फुलांचं दुकान होतं, त्या बाई शेवंतीची वेणी कशी बांधायच्या, दोरा दातात धरून, इथपर्यंत सांगायला लागल्या.

घाई करायची नाही. फोटो सकाळी काढलास तरी आवाज दुपारी स्टँडवर गाडीची वाट बघताना जोडता येतो, आणि तेव्हाच निवांत वेळ असतो. चालत्या एसटीत करू नको, इंजिन आणि खिडक्यांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, गडावरच्या वाऱ्यातपण नुसतं फर्रफर्र येतं. भिंतीच्या आडोशाला बसायचं. माइकचं बारीक भोक पुढच्या बाजूला असतं, त्यावर बोट येऊ द्यायचं नाही.

आणि "आजी काहीतरी सांग ना" असं विचारू नको, त्याला कोणालाच उत्तर सुचत नाही. एकच नेमकी गोष्ट विचार. वणीच्या गडावर विचार, पहिल्यांदा आलीस तेव्हा वर कशी चढलीस, कोणी सोबत होतं, डब्यात काय होतं. आता नांदुरीहून गाडी गडावर जाते, २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉलीपण आहे, पण त्यांच्या लहानपणी हे काही नव्हतं. ट्रॉलीच्या तिकिटाचा किंवा पायऱ्यांचा फोटो समोर धर आणि हाच प्रश्न विचार. एक मिनिट संपलं की आवाज आपोआप थांबतो, तोवर त्यांचं बोलणं रंगात आलेलं असतं, मग पुढच्या फोटोवर पुढचं मिनिट. तोडू नको, बोलू दे, सगळंच रेकॉर्ड व्हायला हवं असं नाही.

आता फोटो छापायचं. मी दर प्रवासानंतर थोडेच निवडते आणि चार बाय सहाचे प्रिंट करून घेते. इथे एक गोष्ट स्टुडिओवाले विचारत नाहीत, आपणच सांगायची. ह्या कॅमेऱ्याचा फोटो चाराला तीन असा असतो आणि कागद सहाला चार असा, त्यामुळे पूर्ण कागद भरायचा म्हटला तर वरून-खालून कापलं जातं, उभ्या माणसांचे पाय तरी जातात नाहीतर कळस तरी. त्यांना सांगायचं, फोटो पूर्ण बसवा, बाजूला पांढरं सुटलं तरी चालेल. एका बाजूलाच सोडायला सांगितलं तर अर्ध्या इंचाहून जास्त पांढरी पट्टी मिळते, त्यावर पर्मनंट मार्करने गाव, तारीख आणि एक ओळ लिहिते. ती एक ओळ शक्यतो आजींच्या तोंडची, जशी म्हणाल्या तशी. फोटोवरच केशरी आकड्यात तारीख छापायचा पर्याय कॅमेऱ्यात असेल तर तो बंद ठेव, तारीख फाईलमध्ये असतेच, आणि घड्याळ चुकलेलं असलं तर छापलेली तारीख पुसता येत नाही.

मोठ्या अक्षरात लिही म्हणजे त्यांनाही वाचता येईल.

पाणथळ

नांदूरमध्यमेश्वरबद्दल थोडं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातली ती पहिली जागा. हिवाळ्यातच जा आणि सकाळी लवकर पोहोचा, उशीर झाला की ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यात येतं.

४ पट झूमने पक्षी हाती लागणार नाहीत, बदकं म्हणजे पाण्यावर ठिपके दिसतील. पण ह्या छोट्या कॅमेऱ्यांची एक गंमत आहे, त्यांची लेन्स बारीक असते त्यामुळे ती दुर्बिणीच्या डोळा लावायच्या बाजूला टेकवता येते. दुर्बीण मनोऱ्याच्या कठड्यावर घट्ट टेकवायची, आधी आपण डोळ्याने पक्षी स्पष्ट करून घ्यायचा, मग फ्लॅश बंद करून कॅमेरा मधोमध टेकवायचा, कडेला काळं गोल दिसलं तर थोडा झूम वाढवायचा, ते जातं. दहातले एक-दोन फोटो नीट येतात आणि गोल चौकटीत जांभळी पाणकोंबडी फार सुंदर दिसते. खाणगाव थडीच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, तिथे पायऱ्या आहेत तेव्हा आजींना वर चढायला जमेल का ते आधी बघा. नाही जमलं तर खालूनही पाण्याकाठचे बगळे, शराटी जवळून दिसतात. आणि निफाडकडच्या आहेत म्हणजे गावातल्या लोकांचं पक्ष्यांना काय नाव होतं ते त्यांना विचारा, पुस्तकातलं नाही. ते शुभाताईंच्या त्या एका मिनिटात ठेवा, मला खरंच ऐकायला आवडेल.

दुर्गभटक्या

गोंदेश्वरचं राहिलं म्हणून परत आलो. काळा बेसॉल्ट आणि मागे पांढरं आभाळ, हा कॅमेरा आभाळाकडे बघून उजेड ठरवतो आणि मंदिर काळंकुट्ट येतं. बटण अर्धं दाबून ठेवायचं, ते दाबताना कॅमेरा मंदिराच्या भिंतीकडे, मग तसंच दाबून ठेवून पाहिजे ती चौकट धरायची आणि पूर्ण दाबायचं. उलट नुसती भिंतीवरची मूर्ती चौकटभर असेल तर दगड राखाडी, धुतल्यासारखा येतो, तेव्हा एक्सपोजर (फोटो किती उजळ घ्यायचा ते) मायनस दोन तृतीयांश कर, काळा दगड काळा येईल. आत सभामंडपात फ्लॅश बंद, कॅमेरा ओट्यावर ठेवायचा आणि २ सेकंदांचा टायमर लावायचा म्हणजे बटण दाबताना हलत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, २०० च्या वर नेऊ नको, दाणे दिसतात.

हेच नाशिकच्या पांडवलेणीला. लेणे क्रमांक ३ मधला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख फ्लॅश टाकून काढला की अक्षरं भिंतीत विरघळून जातात, कारण समोरून उजेड पडला की कोरलेल्या खाचेत सावलीच राहत नाही. बाजूने येणाऱ्या दाराच्या उजेडावर काढला तर ब्राह्मीतलं अक्षर न् अक्षर सुटं दिसतं. पायऱ्या बऱ्याच आहेत, आजींना सकाळच्या गारव्यात न्या.

मैत्रेयी_पंचवटी

साउंड मेमो सापडला!! शुभाताई, आत्ताच आजीला बाबांच्या काळातला एक जुना फोटो दाखवून करून बघितलं, ती पूर्ण मिनिट निफाडच्या बाजाराबद्दल बोलली आणि आवाज स्पष्ट आलाय. पहिली गाडी त्र्यंबकचीच धरतोय.

शेवटचा प्रश्न. कार्ड रीडरने फोनला जोडून बघितलं तर गॅलरीत फोटो दिसतोय पण आवाज नाही. तो गेला का?

गोदाकाठचा

गेला नाही. आवाज फोटोच्या आत नसतो, शेजारी त्याच नंबरची वेगळी वेव्ह फाईल असते आणि गॅलरी फक्त फोटो दाखवते. फोनमधलं फाईल मॅनेजर उघड, कार्डवर डीसीआयएम फोल्डरमध्ये जा, तिथे दिसेल. म्हणूनच फोटो निवडून निवडून कॉपी करू नको, अख्खा फोल्डर जसाच्या तसा लॅपटॉपवर घे आणि फोल्डरला तारीख आणि गावाचं नाव दे. फोटोंची नावं मात्र बदलू नको, नंबरावरूनच कुठला आवाज कुठल्या फोटोचा ते कळतं. कॅमेऱ्यात फोटो उडवला तर त्याचा आवाजपण उडतो, हेही लक्षात ठेव.

दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा टेकू म्हणतो तशी ढगावर. दोन्हीकडे उघडून, दोन-चार आवाज ऐकून खात्री झाली की मगच कार्ड रिकामं करायचं, आणि ते कॅमेऱ्याच्या मेन्यूतून फॉरमॅट करायचं, लॅपटॉपवरून नाही. कधी कार्ड लॉक्ड असा मेसेज आला तर कार्डच्या कडेला बारीक पांढरी पट्टी असते ती रीडरमधून काढताना खाली सरकलेली असते, वर केली की झालं.